दर्याचे दस्तक आणि इतिहासाचा निवाडा

आदिलाबाद जिल्ह्यात वकिली करणाऱ्या माणसाने कोकणकिनाऱ्याच्या स्वामित्वाविषयी लिहावे, हे वाचकांस प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. आमच्याकडे समुद्र नाही. आहे ती पैनगंगा, आणि तिच्या पलीकडे महाराष्ट्र. परंतु जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या सीमेवर, केरामेरी आणि जिवती यांच्या दरम्यान, चौदा गावे अशी आहेत की ज्यांवर दोन राज्यांनी वर्षानुवर्षे हक्क सांगितला. तेथील माणसांनी दोन्हीकडच्या शिधापत्रिका बाळगल्या आणि दोन्हीकडे मतदान केले. अशा सीमेजवळ राहणाऱ्या वकिलास एक गोष्ट लवकर उमगते. सत्ता कोणाची, हे सरकारी नकाशापेक्षा गावकऱ्याच्या पेटीतला कागद अधिक खरेपणाने सांगतो. हीच कसोटी कोकणकिनाऱ्यावरील ग्रंथांस लावून पाहण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

त्या किनाऱ्यावरचा तंटा मुळात कागदाचाच होता. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला, १५१० मध्ये गोवा पडले, आणि पोर्तुगीजांनी हिंदी समुद्रावर फिरणाऱ्या प्रत्येक गलबताने आपला परवाना, म्हणजे कार्ताझ, जवळ बाळगावा असा दंडक घातला. तो नसेल तर जहाज व माल जप्त. पुढे १६६१ च्या विवाहतहाने मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली, १६६८ मध्ये कंपनीकडे आली, आणि कंपनीही आपले परवाने देऊ लागली. इकडे १६६४ मध्ये शिवछत्रपतींनी सिंधुदुर्गाचा पाया घातला. त्यांच्यामागून सरखेल कान्होजी आंग्रे यांनी आपले दस्तक जारी केले. जंजिऱ्याचा सिद्दी होताच. एकाच पाण्यावर इतके धनी झाले, आणि बिचाऱ्या तांडेलाने कोणकोणाचे कागद कनवटीला लावून सुकाणू धरावे, हा प्रश्न उभा राहिला.

या तंट्याचा निवाडा इतिहासकारांनी कसा केला? कर्नल जॉन बिडल्फ यांचा ‘मलबारचे चाचे’ या अर्थाच्या शीर्षकाचा इंग्रजी ग्रंथ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. माहिती विपुल, कथन चटकदार. ग्रंथ आजही वाचनीय आहे. परंतु त्याचा दोष त्याच्या बांधणीतच आहे. औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ जहाज १६९५ मध्ये लुटणारा एव्हरी, फाशी गेलेला किड आणि कुलाब्याचे आंग्रे यांस लेखकाने एकाच पुठ्ठ्यात बांधले आहे. कायद्याच्या दृष्टीने चाचा कोण? ज्याच्या पाठीशी कोणतेही राज्य नाही, तो. एव्हरीला धनी नव्हता. कान्होजींपाशी छत्रपतींनी दिलेले सरखेलपद होते, किल्ले होते, मुलूख होता. एवढेच नव्हे, तर १७१३ मध्ये मुंबईच्या इंग्रजांनीच त्यांच्याशी तह केला होता, आणि ही हकीकत बिडल्फ स्वतःच सांगतात. ज्याच्याशी आपण करार केला त्यास पुढे चोर म्हणण्याचा अधिकार वादीस उरत नाही. दिवाणी न्यायालयातला नवखा वकीलही हे जाणतो. ग्रंथकाराने पुरावा मांडला आणि निकाल त्याच्या विरुद्ध लिहिला.

यातील विसंगती अधिक खोल आहे. १६०९ मध्ये ग्रोशियसने समुद्र कोणाचाच नाही असा सिद्धान्त मांडला, तो डच व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी. पोर्तुगालच्या बाजूने फ्रेइतासने १६२५ मध्ये त्यास उत्तर दिले. १६३५ मध्ये इंग्लंडच्या सेल्डनने इंग्लंडभोवतीचा समुद्र इंग्लंडच्या राजाचा, असा ग्रंथच प्रसिद्ध केला. म्हणजे स्वतःच्या किनाऱ्यावर जे स्वामित्व, तेच अलिबागच्या किनाऱ्यावर चाचेगिरी! रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे प्रकरण आहे. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग मानून कौल घेतलेल्या सावकाराच्या जहाजास उपद्रव देऊ नये, जहाजांसाठी रयतेचे आंबे-फणस तिच्या राजीखुशीवाचून व मोलावाचून तोडू नयेत, असा त्याचा आशय आहे. लुटारूंना अशी नियमावली लागत नाही. हा ग्रंथ बाजूस ठेवून कोकणच्या दर्याचा इतिहास लिहिणे म्हणजे प्रतिवादीची कैफियत न वाचताच हुकूमनामा देणे होय.

पण मग आपल्या बाजूचे लेखन निर्दोष आहे काय? मनोहर माळगावकर यांचे कान्होजींवरील इंग्रजी चरित्र १९५९ मध्ये निघाले. त्याच्या शीर्षकातच ‘मराठ्यांचा नौसेनापती’ हे पद योजून त्यांनी चाचेपणाच्या आरोपास उत्तर दिले आणि इंग्रजी वाचकांपुढे हा पुरुष उभा केला, हे ऋण मान्य केले पाहिजे. तथापि मराठीत आणि इंग्रजीत या वळणाचे जे लेखन पुढे वाढले, त्यात शौर्य हाच पुरावा ठरला. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर केलेली स्वारी फसली, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु लढाई जिंकली म्हणून हक्क सिद्ध होत नाही. तसे मानले तर १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला तेव्हा तो हक्क बुडाला, असेही मानावे लागेल. त्या पाडावात पेशव्यांचे सैन्य इंग्रजांच्या बाजूस होते, हे पान आपले लेखक भरभर उलटतात. कान्होजींची वकिली करणाऱ्याने त्या पानावर थांबलेच पाहिजे; आपल्याच दस्तकाचा मान आपण राखला नाही, ही गोष्ट कैफियतीतून वगळता येत नाही.

कागद नीट वाचला तर काय होते, याचे उदाहरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात सापडते. १९५४ मध्ये दादरा व नगरहवेली मुक्त झाल्यावर डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालने भारताविरुद्ध दावा लावला. दमणहून त्या गावांकडे जाण्याचा आपणांस हक्क आहे, कारण पेशव्यांच्या १७७९ च्या तहाने आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी ती गावे आपल्या सार्वभौमत्वाखाली आली, असे त्यांचे म्हणणे. न्यायालयाने तहाच्या सतराव्या कलमाचे निरनिराळे पाठ ताडून पाहिले. १२ एप्रिल १९६० च्या निकालात त्याने म्हटले की मराठ्यांनी दिले ते केवळ उत्पन्न, जहागिरीच्या किंवा सरंजामाच्या स्वरूपाचे. राज्य दिले नाही. मात्र पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांची सत्ता निमूटपणे मान्य केली आणि त्यातून सार्वभौमत्व उगवले. म्हणून खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सामान्य माल यांस मार्ग होता, सैन्य व शस्त्रे यांस नव्हता, आणि भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, असा निर्णय झाला. सैन्याविषयीचा मुद्दा आठ विरुद्ध सात मतांनी सुटला.

मला या निकालात एक कडू बोध दिसतो. मराठी शब्दांनी जे दिले नव्हते, ते तिसऱ्याच्या मौनाने दिले. पण त्या शब्दांचा अर्थ तपासण्यासाठी शब्द शिल्लक होते, म्हणूनच तो तपासला गेला. वीरकथा तेथे कामास आली नसती. ‘सरंजाम’ हा एक शब्द आला.

हे सारे देवळाच्या पारावर बसणाऱ्या वाचकांस का सांगावे? कारण त्या किनाऱ्यावरील सार्वभौमत्वाची रेघ आपल्या पूर्वजांनी पुस्तकात वाचली नाही, ती त्यांनी पालखी खांद्यावर घेऊन ओलांडली. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा श्रीमंगेश प्रियोळास आणि केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास गेली, ती पोर्तुगीजांची हद्द सोडून आदिलशाहीतील अंत्रुज महालात. रेघेच्या अलीकडे देऊळ मोडत होते, पलीकडे घंटा वाजत होती. इतका ढळढळीत पुरावा जगात फार थोड्या सीमांना लाभला असेल.

डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या अभिलेखागारात बसून पोर्तुगीज व मराठी कागद शेजारी ठेवून वाचले, आणि १९५२ च्या आपल्या ग्रंथात पोर्तुगीजांच्या राजकारणात वावरलेल्या हिंदू वकिलांचीही नोंद केली. आपले लोक दोन्ही पक्षांत होते हे त्यांनी झाकले नाही. समीक्षकाला हवा तो ग्रंथ असा: दोन्ही दप्तरे उघडणारा. तो लिहायचा तर दप्तरे जिवंत राहिली पाहिजेत. देवस्थानांच्या आणि जुन्या घराण्यांच्या पेट्यांत मोडीचे रुमाल असतात. इनामाच्या सनदा, जकातीच्या माफ्या, एखादे दस्तक. मोडी वाचणारे हात वर्षागणिक कमी होत आहेत, आणि कसर मात्र प्रत्येक राज्यात सारखीच वावरते. गाभाऱ्यावर सोन्याचा कळस चढवण्याआधी एखाद्या देवस्थानाने आपला एक रुमाल सोडून वाचवून घेतला, तर कोकणच्या दर्याचा तो खटला पुन्हा उभा राहील तेव्हा आपल्याकडे साक्ष असेल.