गोष्ट कोठून सुरू होते? : 'द हेट यू गिव्ह' या कादंबरीतील वाहन-तपासणी आणि पोलिसी बळाचे निवेदन

अमेरिकेतील पोलिसी व्यवहारात 'नेहमीची वाहन-तपासणी' हा शब्दप्रयोग रूढ आहे. मागचा दिवा फुटलेला असणे, वळताना इशारा न देणे, पथकर थकलेला असणे अशा किरकोळ कारणासाठी गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायला लावायची, परवाना व कागदपत्रे पाहायची आणि दंडाची पावती किंवा समज देऊन चालकाला सोडायचे, एवढाच त्याचा अर्थ. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 'ओपन पोलिसिंग' प्रकल्पाच्या अंदाजानुसार त्या देशात एखाद्या सर्वसाधारण दिवशी ५० हजारांहून अधिक चालकांना असे थांबवले जाते. यांतील बहुतेक प्रसंग काही मिनिटांत विसरले जातात. मात्र 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या शोधवृत्तात असे आढळले की, आधीच्या पाच वर्षांत पोलिसांनी गाडी अडवल्यानंतर ४०० हून अधिक चालक वा सहप्रवासी मारले गेले. त्यांच्या हातात बंदूक वा चाकू नव्हता आणि हिंसक गुन्ह्यासाठी त्यांचा पाठलागही चालू नव्हता. हा आकडा समोर ठेवला, की 'नेहमीची' हे विशेषण नेमके कोणाच्या अनुभवाचे आहे, असा प्रश्न उपस्थित होतो.

अँजी थॉमस यांची 'द हेट यू गिव्ह' (२०१७) ही कादंबरी अशाच एका तपासणीभोवती उभी आहे. कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली, मोठ्या खपाची आणि चित्रपटाच्या रूपाने (२०१८) दूरवर पोहोचलेली ही कृती 'सामाजिक आशयाची कादंबरी' म्हणून वाखाणली गेली. आशयाच्या या कौतुकात तिच्या निवेदनाचा प्रश्न काहीसा मागे पडला. प्रस्तुत लेखात तेवढ्याच अंगाने विचार केला आहे. पोलिसाने झाडलेल्या गोळीची गोष्ट सांगताना ती कोठून सुरू करायची, हा तो प्रश्न होय. तो केवळ कलेचा नाही. अमेरिकेच्या न्यायालयांतही पोलिसी बळाचा न्याय बऱ्याच अंशी याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरत आला आहे.

आधी न्यायालयाकडे वळणे सोयीचे ठरेल. पोलिसी बळ 'वाजवी' होते की नाही हे ठरविण्याची कसोटी तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली 'ग्रॅहम विरुद्ध कॉनर' या खटल्यात घालून दिली. योगायोग असा की तो खटलाही गाडी अडवण्यातूनच उद्भवला होता. १९८४ साली उत्तर कॅरोलायना राज्यातील शार्लट शहरात मधुमेहाचा एक रुग्ण, साखर उतरू लागल्याने संत्र्याचा रस घेण्यासाठी दुकानात गेला. तेथे रांग मोठी दिसल्याने तो घाईघाईने बाहेर पडला. पोलिसाला ही घाई संशयास्पद वाटली आणि त्याने मित्राची गाडी अडवली. खुलासा करू पाहणाऱ्या या रुग्णाला पोलिसांशी झालेल्या झटापटीत पायाचे हाड मोडण्यापर्यंत दुखापती झाल्या. या खटल्याचा निकाल देताना न्यायालयाने म्हटले की, पोलिसाच्या कृतीचे मूल्यमापन घटनास्थळी उभ्या असलेल्या वाजवी अधिकाऱ्याच्या नजरेने करावे, मागाहून आलेल्या शहाणपणाने नव्हे. कारण त्याला क्षणार्धात निर्णय घ्यावे लागतात. साहित्यसमीक्षेच्या परिभाषेत बोलायचे तर न्यायालयाने येथे दृष्टिकोनाची निवड केली. निवेदनाचे केंद्र म्हणून अधिकारी निवडला गेला. वास्तविक त्याच निकालात सर्व परिस्थिती एकत्र विचारात घ्यावी असेही सांगितले होते; पण पुढे काही अपील न्यायालयांनी 'क्षणार्ध' तेवढा उचलला. गोळी झाडली त्या क्षणी अधिकाऱ्याला धोका होता का, एवढेच पाहायचे. त्याआधी काय घडले ते गौण. त्याला 'धोक्याच्या क्षणाचा सिद्धांत' असे नाव पडले.

त्याआधीच्या घटनांना कायद्याने अगोदरच मोकळीक देऊन ठेवली होती. १९७७ च्या 'पेनसिल्व्हेनिया विरुद्ध मिम्स' या निकालाने चालकाला गाडीबाहेर उतरवण्याचा अधिकार पोलिसाला मिळाला. १९९६ च्या 'रेन' निकालाने वाहतुकीचा कोणताही नियम मोडलेला असला की गाडी अडवणे वैध ठरले. पोलिसाचा खरा हेतू काय होता हे पाहण्याची गरज उरली नाही. फुटलेला दिवा हे कारण आहे की निमित्त, हा प्रश्नच अशा रीतीने बाद झाला. सुमारे १० कोटी तपासण्यांच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र अंधार पडल्यावर, म्हणजे चालकाचा वर्ण दिसेनासा झाल्यावर, अडवल्या गेलेल्यांतील कृष्णवर्णीयांचे प्रमाण घटत असल्याचे दिसून आले आहे.

आता कादंबरीकडे. सोळा वर्षांची स्टार कार्टर पार्टीतून बालमित्र खलील याच्या गाडीतून घरी निघाली आहे. पोलीस गाडी अडवतो, खलीलला बाहेर काढतो, झडती घेतो आणि आपल्या गाडीकडे परत जातो. खलील उघड्या दाराशी येऊन स्टारला ती बरी आहे ना, एवढे विचारतो. तेवढ्यात तीन गोळ्या सुटतात. दारातील केसांचा ब्रश पिस्तुलासारखा वाटला, असे पुढे पोलिसाच्या बाजूने सांगितले जाते.

हा प्रसंग दुसऱ्याच प्रकरणात येतो. निवेदन प्रथमपुरुषी आणि वर्तमानकाळातले आहे. त्यामुळे वाचकालाही पुढे काय होणार हे ठाऊक नसते. क्षण जसा घडतो तसा तो अनुभवतो. न्यायालयाने अधिकाऱ्याला दिलेला 'क्षणार्ध' लेखिकेने येथे साक्षीदार मुलीच्या हाती दिला आहे. मात्र त्या क्षणाच्या आत आणखी एक जुना क्षण आहे. पोलीस गाडीजवळ येत असताना स्टारला आईवडिलांनी ती बारा वर्षांची असताना दिलेली शिकवण आठवते : हात दिसतील असे ठेवायचे, झटकन हालचाल करायची नाही, विचारल्याशिवाय बोलायचे नाही. म्हणजे ही तपासणी त्या रात्री सुरू झालेली नाही. चार वर्षांपूर्वीच ती घरात सुरू झालेली आहे. कादंबरीतील ही सर्वांत समर्थ जागा होय. खलीललाही कोणी ही शिकवण दिली असावी अशी आशा स्टार मनाशी करते, आणि त्या आशेतच एक दोष दडलेला आहे याची जाणीव वाचकाला होते. वर्तनाची सारी जबाबदारी गाडीत बसलेल्या मुलावर आहे. शस्त्र ज्याच्या हाती आहे त्याला शिकवण देणारे कोणी नाही.

असे म्हणणे पूर्णतः खरे मात्र नाही. पोलिसालाही शिकवण असतेच, आणि तीही एका गोष्टीच्या रूपात असते. १९९८ साली जॉर्जिया राज्यात एका तपासणीत शेरीफचा सहायक मारला गेला. त्याच्या गाडीतील कॅमेऱ्याने टिपलेले ते दृश्य पुढे अमेरिकेतील अनेक पोलीस-प्रशिक्षणवर्गांत दाखवले गेले. त्यातून शिकणाऱ्याच्या मनात ठसते ते असे की, कोणतीही गाडी मृत्यू घेऊन येऊ शकते. फ्लॉरिडा राज्यातील दोनशेहून अधिक पोलीस यंत्रणांच्या दहा वर्षांच्या नोंदी तपासणाऱ्या, २०१९ साली 'मिशिगन लॉ रिव्ह्यू'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र नेहमीच्या तपासणीत पोलिसाची हत्या होण्याचे प्रमाण ६५ लाख तपासण्यांमागे एक असे निघाले. एक थरारक गोष्ट हजारो कंटाळवाण्या नोंदींवर मात करते. कथनाची ताकद ती हीच, आणि धोकाही तोच.

मराठी वाचकाला हा सारा प्रसंग समजून घेताना थोडे थांबावे लागते. आपल्याकडे चौकातील वाहतूक हवालदार म्हटला की पावती, घासाघीस, फार तर अरेरावी आठवते. पोलिसांच्या भीतीची शिकवण घरातूनच मिळण्याचा अनुभव मराठीत शोधायचा तर चौकात नव्हे, लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'त (१९८७) शोधावा लागतो. १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या आणि १९५२ मध्ये कागदोपत्री मुक्त झालेल्या जमातींपैकी एका जमातीचे ते कथन आहे. तेथे पोलिसाचा मार ही कधीतरी घडणारी घटना नसून जगण्याची अट आहे. तो सोसण्याची तयारी मुलांकडून करून घेतली जाते. दोन्ही कृतींतील शिकवणीत फरक आहे. स्टारला मार टाळायला शिकवले जाते, तर 'उचल्या'तील मुलाला तो पचवायला. पण दोन्हीकडे संशय आधी आणि कृत्य नंतर, हा क्रम तोच आहे. आणखी एक धागा येथे नोंदवायला हवा. स्टारचे वडील मुलांना ब्लॅक पँथर पक्षाचा दहा कलमी कार्यक्रम शिकवतात. याच पक्षाच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्यामुळे या घरातील राजकीय भाषा मराठी वाचकाला वाटते तितकी परकी नाही.

गोळीबारानंतर कादंबरीत जी चौकशी सुरू होते, तिच्यात लेखिकेची खरी अंतर्दृष्टी दिसते. स्टारची जबानी घेणारे पोलीस थोड्याच वेळात खलील अमली पदार्थ विकत होता का, या प्रश्नावर येतात. दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत गोळी झाडणाऱ्याचे वडील आपल्या मुलाला वाटलेल्या भीतीबद्दल बोलतात. येथे काळ मोजण्याची दोन घड्याळे दिसतात. मृताच्या बाबतीत कथन कितीही मागे जाऊ शकते : त्याची संगत, त्याचा धंदा, त्याच्या आईचे व्यसन. पोलिसाच्या बाबतीत ते गोळीच्या क्षणापलीकडे सरकत नाही. एकाला चरित्र आणि दुसऱ्याला केवळ क्षण, आणि दोन्ही वाटण्या पोलिसाच्याच सोयीच्या. स्टार या अधिकाऱ्याला त्याच्या बिल्ल्यावरील आकड्याने, 'एकशे पंधरा' असे संबोधते. माणसाला आकडा देण्याचा राज्यसंस्थेचा अधिकार तिने उलटा वापरला आहे, आणि हा साधा उपाय अनेक घोषणांपेक्षा परिणामकारक ठरतो.

असे असूनही पुढे लेखिका माघार घेते. खलीलने तो धंदा का पत्करला याचा खुलासा कादंबरी करते : आईने केलेल्या चोरीची भरपाई म्हणून तो टोळीप्रमुखाचे पैसे फेडत होता आणि टोळीत सामील व्हायला त्याने नकार दिला होता. वाचकाला हायसे वाटते. पण हे हायसे वाटणेच तपासायला हवे. आईचे कर्ज नसते, पोराने निव्वळ हौसेपोटी माल विकला असता, तर त्या तीन गोळ्या कमी अन्यायाच्या ठरल्या असत्या काय? चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न मुळातच गैरलागू होता, हे दाखवण्याची संधी लेखिकेपाशी होती. तिने प्रश्न मान्य करून त्याचे चांगले उत्तर दिले. निर्दोष बळीच शोकाला पात्र, ही अट कादंबरीने नकळत पाळली आहे. कुमारवाचकांसाठी ही तडजोड आवश्यक होती असे समर्थन केले जाईल. परंतु कुमारवाचक अधिक अवघड सत्य पेलू शकत नाही असे मानण्याला आधार काय?

प्रत्यक्षात तर निर्दोषपणाही पुरत नाही. ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटा राज्यात फिलँडो कॅस्टील या शाळेच्या उपाहारगृहात काम करणाऱ्या ३२ वर्षांच्या गृहस्थाची गाडी अडवली गेली. आपल्याजवळ बंदूक आहे, असे त्याने स्वतः होऊन अधिकाऱ्याला सांगितले. ती परवान्याची होती. काही सेकंदांत सात गोळ्या झाडल्या गेल्या. गाडीत त्याची मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. जून २०१७ मध्ये ज्यूरीने अधिकाऱ्याला निर्दोष ठरवले. त्याआधीच्या वर्षांत कॅस्टीलला किमान ४६ वेळा अडवले गेले होते आणि जवळजवळ सारी कारणे किरकोळ होती. ही गोष्ट सांगायची तर ती शेवटच्या गाडी अडवण्यापासून सांगायची की पहिल्या?

क्लॉडिया रँकीन यांनी 'सिटिझन' (२०१४) या गद्यकाव्यात्म ग्रंथात हा पेच वेगळ्या रीतीने हाताळला आहे. तेथील गाडी अडवण्याच्या प्रसंगाला ठराविक प्रारंभच नाही. तो पुन्हा पुन्हा घडतो. अडवला जाणारा माणूस कधी 'मी' तर कधी 'तू' होतो आणि संशयिताच्या वर्णनात तो बसतच असतो, मग तो कोणी का असेना. त्याच्या चारित्र्याचा दाखला रँकीन देत नाहीत. तो मागितलाही जात नाही. कलादृष्ट्या ही वाट अधिक कठोर आणि अधिक प्रामाणिक आहे, जरी तिला 'द हेट यू गिव्ह'इतके वाचक मिळणे शक्य नव्हते.

कायद्याच्या बाजूने या प्रश्नाला अलीकडे एक वळण मिळाले आहे. २८ एप्रिल २०१६ रोजी ह्यूस्टनजवळ, भाड्याच्या गाडीचा पथकर थकल्याच्या कारणावरून एका तरुणाला अडवण्यात आले. गाडी पुढे सरकू लागताच अधिकारी दाराच्या उंबऱ्यावर चढला आणि त्यानंतर सुमारे दोन सेकंदांत त्याने गोळी झाडली. कनिष्ठ न्यायालयांनी तेवढेच दोन सेकंद पाहिले. १५ मे २०२५ रोजी 'बार्न्स विरुद्ध फेलिक्स' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा सिद्धांत नाकारला. न्यायमूर्ती एलेना केगन यांच्या निकालपत्रानुसार संपूर्ण परिस्थितीचा विचार करताना काळाची अशी मर्यादा घालता येत नाही. थॉमस यांच्या कादंबरीने जे मागितले होते ते तत्त्वतः मान्य झाले असे म्हणता येईल. पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी अन्य तिघांच्या सहमतीने जोडलेल्या स्वतंत्र निकालपत्रात वाहन-तपासणी पोलिसांसाठी किती धोक्याची असते याचेच विवेचन आहे. म्हणजे मागे जाण्याची मुभा मिळाल्यावर मागे काय दिसते यावर एकमत नाही. शिवाय सरकत्या गाडीवर चढून अधिकाऱ्याने धोका स्वतःच ओढवून घेतला असेल, तर त्याचा हिशेब कसा करायचा, या मुद्द्यावर न्यायालयाने निर्णय दिलेला नाही.