कठड्यावरचे चौघे

भाऊबीजेच्या दिवशी दुपारची जेवणे आटोपली की आमच्या घरी सर्वांचे मिळून एक छायाचित्र काढण्याचा रिवाज आहे. ओसरीवर सतरंजी अंथरतात. म्हातारी माणसे खुर्च्यांवर बसतात, लेकीसुना मागे उभ्या राहतात, पोरेटोरे पुढे मांडी घालतात. मग कोणी तरी ‘हसा!’ म्हणते आणि सकाळपासून एकमेकींशी न बोललेल्या दोन जावा एकदम हसतात. छायाचित्र उत्तम निघते. वीस वर्षांनी ते पाहणाऱ्याला वाटावे, काय सुखी कुटुंब होते हे! मला मात्र त्या हसण्यापेक्षा दोघींनी खांद्याखांद्यांत राखलेले ते वीतभर अंतर अधिक बोलके वाटते.

या अंतराचा विचार माझ्या डोक्यात भरवला तो माझ्या भाच्याने. त्याला जुन्या विलायती तबकड्या जमवण्याचा नाद आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते आणि इंग्रजी पाठ्यपुस्तकापुरते. त्यामुळे त्याची ती रॉक गाणी मला अर्धीमुर्धीच समजतात. पण तबकड्यांची वेष्टने समजायला इंग्रजी लागत नाही. सुमारे सव्वाबारा इंची चौरस पुठ्ठा, आणि त्यावर बहुधा चार-पाच तरुणांचे छायाचित्र. गेल्या मे महिन्यात मी त्याच्याकडे आठ दिवस राहिलो आणि कादंबरीचे हस्तलिखित बाजूला ठेवून ती वेष्टनेच पाहत बसलो.

आपल्याकडे बँड म्हटला की वरातीपुढे वाजतो तोच डोळ्यांपुढे येतो. हे लोक बँड म्हणतात ते चार-पाच जणांच्या मंडळाला. गाणी त्यांची, वाद्ये त्यांची, गळेही त्यांचेच. एकट्या गवयाची तबकडी असली की त्याचा चेहरा छापून भागते. मंडळाचे तसे नाही. तेथे पुढे कोण, मागे कोण, कोणाचा हात कोणाच्या खांद्यावर, हे सारे ठरवावे लागते. लग्नाचे पंचवीस पाहुणे उभे करणाऱ्या छायाचित्रकाराला विचारा. तो सांगेल की यात केवढे राजकारण असते.

माझ्या मते असे प्रत्येक छायाचित्र म्हणजे एक दावा असतो. ‘आम्ही एक आहोत’ असे ते म्हणत असते. वेष्टन विक्रीसाठी असते हे मला मान्य आहे, आणि विक्रीच्या मालावर दावा मोठ्याने करावा लागतो हेही मान्य आहे. म्हणून अशा वेष्टनाची परीक्षा करताना मी एकच प्रश्न विचारतो. दावा करता करता या छायाचित्राने काय झाकले, आणि काय त्याच्याने झाकवले नाही?

बीटल्स या इंग्रज चौकडीचे दुसरे वेष्टन घ्या. साल 1963. तोवर अशा मंडळांनी दात दाखवून हसायचे, असा संकेत होता. रॉबर्ट फ्रीमन या छायाचित्रकाराने बोर्नमथ गावच्या एका हॉटेलात या चौघांना उंच गळ्याची काळी बंडी घालून उभे केले. खिडकीतून एकाच बाजूने उजेड येत होता. त्यामुळे प्रत्येकाचा अर्धा चेहरा दिसतो आणि अर्धा काळोखात राहतो. कोणी हसत नाही. तिघे वर ओळीत आहेत आणि मंडळात सर्वांत शेवटी आलेला रिंगो स्टार खाली उजव्या कोपऱ्यात आहे. कंपनीच्या अधिकाऱ्यांना हे रुचले नव्हते; आनंद देणारी पोरे अशी सुतकी का, असा त्यांचा आक्षेप होता. मला वाटते, चित्राचे बळ त्या नकारातच आहे. हसरा चेहरा एका क्षणात वाचून होतो. अर्धा झाकलेला चेहरा आपण पुनःपुन्हा वाचतो. शिवाय त्या कोपऱ्यातल्या रिंगोकडे पाहा. घरात नव्याने आलेली सून पंगतीच्या टोकाला बसते, तसा तो दिसतो. मंडळ एक आहे खरे, पण आत कोण केव्हा आले, हेही चित्र सांगून जाते.

काही वेष्टनांत योगायोग माणसांपेक्षा शहाणा ठरतो. 1968 साली डेव्हिड क्रॉस्बी, स्टीफन स्टिल्स आणि ग्रॅहम नॅश या तिघांनी अमेरिकेत मंडळ काढले. हेन्री डिल्ट्झ याने लॉस एंजेलिसमधल्या एका ओसाड घराबाहेर जुनापुराणा कोच पाहून तिघांना त्यावर बसवले. पुढे नाव ठरले ते ‘क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश’. आणि मग लक्षात आले की चित्रात डावीकडून नॅश, स्टिल्स, क्रॉस्बी असे बसले आहेत, अगदी उलट! पुन्हा छायाचित्र घ्यायला एक-दोन दिवसांत ते तेथे गेले, तर घर जमीनदोस्त झालेले. अखेर उलटेच चित्र छापले गेले. आम्ही मास्तर मंडळी हजेरीपटाच्या क्रमाची मोठी काळजी वाहतो. हे वेष्टन पाहून मला वाटले, नावांचा क्रम बाहेरचे लोक ठरवतात. माणसे मात्र आपापल्या सोयीने बसतात, आणि तशी बसली म्हणजेच ती सैल व खरी दिसतात. आज ते घर नाही. तिघांपैकी क्रॉस्बीही 2023 साली गेला. कोचावरची दुपार तेवढी उरली आहे.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला ‘क्वीन’ या मंडळाचे 1974 सालचे दुसरे वेष्टन आहे. गडद काळोख, वरून पडलेला प्रकाश, त्यात तरंगणारे चार चेहरे. पुढे मध्यभागी फ्रेडी मर्क्युरी, छातीवर हात ओलांडलेले, पापण्या जड. छायाचित्रकार मिक रॉक याने ही कल्पना मार्लीन डीट्रिश या नटीच्या ‘शांघाय एक्सप्रेस’ या 1932 सालच्या बोलपटातील छायाचित्रावरून घेतली. येथे योगायोगाला जागाच नाही. सारे नाटकी आहे, आणि आपण नाटकी आहोत हे चित्र लपवीतही नाही. संगीत नाटकांवर वाढलेल्या मराठी माणसाला हे पटायला अडचण पडू नये. बालगंधर्वांचे छायाचित्र पाहताना ‘हे खरे नव्हे’ अशी तक्रार कोण करतो?

पण या चित्रापाशी मी थांबलो त्याचे कारण वेगळे होते. हा फ्रेडी मूळचा फारूख बलसारा, पारशी मुलगा, 1946 साली झांझिबारला जन्मलेला. आईवडिलांनी त्याला लहानपणी शिकायला पाठवले ते आपल्या पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेत. तेथेच त्याने मित्रांबरोबर ‘हेक्टिक्स’ नावाचे पहिले मंडळ काढले. त्यात तो पियानो वाजवी. मास्तर या नात्याने मी लगेच विचार करू लागलो. आईबापांपासून समुद्रापलीकडे राहणारा तो मुलगा वसतिगृहाच्या ग्रूप फोटोत कोणत्या रांगेत उभा राहत असेल? ते मला ठाऊक नाही. पण 1974 च्या त्या काळोखात तो असा उभा आहे, की त्याला पुन्हा कोणी मागच्या रांगेत ढकलू धजणार नाही. दावा येथे मंडळाचा असला तरी जिंकला आहे एकटाच. कलाकृती म्हणून ती खोट म्हणा. मला ती मोडवत नाही.

सर्वांत गाजलेले वेष्टन म्हणजे बीटल्सचे ‘सार्जंट पेपर’, साल 1967. पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ या चित्रकार दांपत्याने थोरामोठ्यांचे माणसाएवढे पुठ्ठ्याचे पुतळे करून जत्रा उभी केली, आणि तिच्यापुढे चौघे रंगीत साटिनच्या गणवेशात उभे राहिले. त्या गर्दीत परमहंस योगानंदांसारखे आपले काही साधुपुरुषही आहेत. महात्मा गांधींचेही चित्र तेथे होते. परंतु हिंदुस्थानातील ग्राहक दुखावतील या भीतीने कंपनीच्या प्रमुखाने ते काढायला लावले. या वेष्टनाची कीर्ती मी कमी लेखत नाही, पण मला ते दिवाळीत फार फराळ झाल्यासारखे वाटते. त्यातले मर्म मात्र एका बाजूला उभे आहे. तेथे याच चौघांचे मादाम तुसाँच्या संग्रहातले मेणाचे पुतळे आहेत, जुन्या काळ्या सुटातले. आपलेच जुने रूप शेजारी उभे करून हे चौघे जणू त्याचे दिवस घालीत आहेत. एवढ्या गलबल्यात तो एकच कोपरा गप्प आहे, आणि माझ्या लेखी चित्र तेथेच आहे.

आता ‘ॲबी रोड’. 8 ऑगस्ट 1969, लंडन. इयन मॅकमिलन हा छायाचित्रकार रस्त्याच्या मधोमध शिडीवर चढला. पोलिसाने वाहने थोपवून धरली. दहाएक मिनिटांत सहा छायाचित्रे घेतली गेली आणि त्यांतले पाचवे निवडले. चौघे पांढऱ्या पट्ट्यांवरून एका रांगेत रस्ता ओलांडताहेत. वेष्टनाच्या दर्शनी बाजूस मंडळाचे नाव नाही, तबकडीचेही नाही. कोणी आपल्याकडे पाहत नाही, कोणी एकमेकांकडे पाहत नाही. ज्या स्टुडिओत त्यांनी आपली गाणी मुद्रित केली, त्याच्याकडे पाठ करून ते निघाले आहेत. पुढच्याच महिन्यात जॉन लेननने आपण मंडळ सोडत असल्याचे बाकीच्यांना सांगितले. म्हणजे ‘आम्ही एक आहोत’ हा दावा येथे पावलांपुरता उरला आहे. आणि पावलेही सारखी नाहीत. तिघांचा डावा पाय पुढे आहे, पॉल मॅकार्टनीचा उजवा. आणि तो अनवाणी आहे.

या अनवाणी पायांवरून लोकांनी काय काय कंड्या पिकवल्या! पॉल केव्हाच मेला असून हा कोणी तोतया आहे, प्रेताला जोडे घालत नाहीत म्हणून हा अनवाणी, अशी वदंता त्या वर्षी उठली. मला मात्र त्या पायांवरून दुसरेच पाय आठवले. आणि येथे मला एक कबुली दिली पाहिजे.

मी नोकरीला नवा होतो तेव्हाची गोष्ट. आडगावची शाळा. वर्गाचा फोटो काढायला तालुक्याहून फोटोग्राफर यायचा होता. मुले तेल लावून, भांग पाडून आली. पुढच्या रांगेच्या टोकाला एक बुटका मुलगा उभा होता, अनवाणी. फोटोत ते पाय बरे दिसणार नाहीत म्हणून मी त्याला दंडाला धरून मागच्या रांगेत नेऊन ठेवले. तो काही बोलला नाही. मीही अधिक विचार केला नाही. फोटो फार सुबक आला, सर्वांनी नावाजला. पुढे बऱ्याच वर्षांनी तो मुलगा आपल्या लेकराला शाळेत घालायला आला, आणि ऑफिसातल्या भिंतीवरचा तो फोटो त्याने लेकराला दाखवला. बोट फिरवीत फिरवीत दोन डोक्यांच्या मधे दिसणाऱ्या चार केसांवर ठेवले आणि हसून म्हणाला, “ह्यो बघा मी, गुरुजी.”

त्याने हे अढी ठेवून म्हटले नाही. म्हणूनच ते मला अधिक लागले. माझा फोटो सुबक होता आणि खोटा होता. मॅकमिलनच्या जागी मी शिडीवर असतो तर पॉलला नक्की जोडे घालायला लावले असते, पाय जुळवायला लावले असते; आणि मग तो चार सभ्य गृहस्थांचा रस्ता ओलांडण्याचा एक फोटो झाला असता. आज लोक दूरदूरहून जाऊन त्या पट्ट्यांवर चालतात. 2010 साली तर ती जागा इंग्लंडात संरक्षित वारसा म्हणून नोंदली गेली. व्यंगाला जागा देणारे चित्र टिकते, असा कोठलाही नियम मला सांगता येणार नाही. पण व्यंग झाकणाऱ्या हाताची मला आता धास्ती वाटते, कारण तो हात माझा आहे.

शेवटी ज्या वेष्टनावरून या लेखाला नाव दिले त्याकडे येतो. 1963 साली बीटल्सच्या पहिल्या तबकडीसाठी अँगस मॅकबीन याने कंपनीच्या लंडनमधल्या कचेरीत, जिन्याच्या कठड्यावरून वाकून खाली पाहणारे हे चौघे टिपले. स्वतः तो खाली जमिनीवर आडवा झाला होता. चौघेही खुशीत आहेत, नोकरीचा पहिला पगार हाती पडलेल्या पोरांसारखे. 1969 साली त्याच कठड्यावर, त्याच क्रमाने, त्याच छायाचित्रकाराने त्यांना पुन्हा उभे केले. केस वाढले आहेत, दाढीमिशा आल्या आहेत. ज्या तबकडीसाठी हे काढले ती वर्षभर लांबली, 1970 साली नाव बदलून निघाली, आणि तिच्या वेष्टनावर चौघांचे चार वेगळे फोटो चार चौकटींत छापले गेले. एका चौकटीत मावणे तेव्हा संपले होते. कठड्यावरचे दोन्ही फोटो पुढे 1973 साली निवडक गाण्यांच्या दोन संचांवर आले, एक दर्शनी बाजूला तर दुसरा पाठीमागे. पुठ्ठा उलटला की सहा वर्षे उलटतात.

भाच्याच्या खोलीत मी तो पुठ्ठा कितीदा तरी उलटला. कठडा तोच, माणसे तीच. दोन चित्रांत कोणते खरे? मला वाटते, पहिले दुसऱ्यामुळे खरे होते. दुसरे नसते तर पहिल्यातले हसू आमच्या ओसरीवरच्या हसण्यासारखेच वाटले असते. दुसरे पाहिल्यावर कळते की ते हसू त्या दिवसापुरते अस्सल होते, आणि त्या दिवसाइतकेच त्याचे आयुष्य होते. लेनन 1980 साली मारला गेला, हॅरिसन 2001 साली वारला. कठड्यावर मात्र कोणाची जागा रिकामी नाही.

यंदाच्या भाऊबीजेला फोटो भाचाच काढणार आहे. त्याला मी एवढेच सांगून ठेवले आहे, की ‘हसा’ म्हणू नकोस. आणि कोणी कोठे उभे राहायचे ते ज्याचे त्याला ठरवू दे.