शिकलेली जर्मन : भाषार्जन, परकेपणा आणि टीकादृष्टी

१

परकी भाषा हे परक्या संस्कृतीचे प्रवेशद्वार होय, हे विधान भाषाशिक्षणाच्या क्षेत्रात इतक्या वेळा केले जाते की त्यातील रूपक तपासून पाहण्याची गरज कोणाला भासत नाही. या रूपकात तीन गृहीतके दडलेली आहेत. संस्कृती ही दाराआड आधीच सिद्ध असलेली वस्तू आहे, हे पहिले. भाषा हे केवळ साधन आहे आणि आत शिरल्यावर त्याचे काम संपते, हे दुसरे. आणि शिकणाऱ्याची अर्धीमुर्धी भाषा ही उंबरठ्यावरची, लवकरात लवकर ओलांडून जाण्याची अवस्था आहे, हे तिसरे. जर्मनच्या बाबतीत ही गृहीतके विशेष बळकट झालेली दिसतात. गटे, बेटोव्हन, कांट अशा नावांची एक मालिका दाराआड मांडून ठेवलेली असते आणि व्याकरण हा तिथवर पोहोचण्यासाठी भरावयाचा कर मानला जातो.

वस्तुतः जर्मन विचारपरंपरेतच या रूपकाला छेद देणारी मांडणी उपलब्ध आहे. विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट (१७६७-१८३५) याच्या मते प्रत्येक भाषेत एक जगद्दृष्टी अनुस्यूत असते; त्यामुळे नवी भाषा शिकणे म्हणजे आजवरच्या आपल्या जगद्दृष्टीत एक नवे स्थान मिळवणे होय. मात्र हे स्थान कधीही पूर्णपणे हाती येत नाही, कारण शिकणारा आपली मूळ भाषा आणि तिची दृष्टी कमीअधिक प्रमाणात नव्या भाषेत घेऊनच जातो, अशी पुस्तीही तो जोडतो. हुम्बोल्टच्या भाषाविचाराची चर्चा करताना त्याच्या विधानाच्या पूर्वार्धावर भर दिला जातो आणि उत्तरार्ध ही एक मर्यादा म्हणून सोडून दिला जातो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की हा उत्तरार्ध अधिक फलदायी आहे. मूळ भाषेचा हा शिल्लक राहणारा अंश म्हणजे शिकण्यातील उणीव नव्हे. शिकलेल्या भाषेकडे आणि तिच्या संस्कृतीकडे टीकादृष्टीने पाहण्याची शक्यता त्यातूनच निर्माण होते. जर्मन ही जन्मतः न लाभलेल्या, ती शिकून तिच्यात लेखन केलेल्या तीन लेखकांच्या आधारे हे प्रतिपादन तपासून पाहता येईल. एलिआस कानेटी, एमिने सेव्गी ओझ्दामार आणि योको तावादा हे ते तीन लेखक होत.

२

त्यापूर्वी 'अवघड जर्मन' या समजुतीचा विचार करावयास हवा. या समजुतीला सर्वाधिक लोकप्रियता मिळवून दिली ती मार्क ट्वेनने. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनाच्या परिशिष्टात त्याने जर्मन भाषेची यथेच्छ थट्टा केली. वाक्याच्या अखेरीस जाऊन बसणारे क्रियापद, निर्जीव वस्तूंना चिकटलेली लिंगे आणि मुलगी या अर्थाचा शब्द नपुंसकलिंगी असणे, हे त्याच्या विनोदाचे मुख्य विषय होत. हा विनोद आजही हसवतो. परंतु तो कोठून केला गेला आहे, हा प्रश्न विचारताच त्याचे स्वरूप बदलते. इंग्रजी ही ज्याच्या दृष्टीने भाषेची नैसर्गिक अवस्था आहे, त्यालाच या गोष्टी विक्षिप्त वाटू शकतात.

मराठी भाषकाला क्रियापद वाक्याच्या शेवटी असणे परके नाही. जर्मनच्या गौण वाक्यात तर त्याला ओळखीचा क्रम भेटतो. उलट प्रधान वाक्यात क्रियापद दुसऱ्या स्थानी का, हाच त्याचा प्रश्न असावयास हवा. तीन लिंगे त्याच्याही भाषेत आहेत आणि कागद पुल्लिंगी, वही स्त्रीलिंगी, पुस्तक नपुंसकलिंगी का, याचा खुलासा त्यालाही करता येत नाही. कोकणी भाषकाला तर ट्वेनच्या सर्वांत गाजलेल्या उदाहरणात हसण्यासारखे काहीच सापडणार नाही, कारण कोकणीतील 'चेडूं' हा मुलगी या अर्थाचा शब्दही नपुंसकलिंगीच आहे. जर्मन शब्दाचे लिंग त्याच्या लघुत्वदर्शक प्रत्ययाने ठरते, हे व्याकरणिक कारण वेगळे. परंतु अनुभवाच्या पातळीवर येथे विक्षिप्तपणा उरत नाही. तात्पर्य, अवघडपणा हा भाषेचा गुणधर्म नसून दोन भाषांमधील नात्याचा गुणधर्म आहे. आपल्याकडे जर्मन बहुधा इंग्रजीच्या मध्यस्थीने समजून घेतली जाते आणि म्हणून मराठी विद्यार्थी कित्येकदा ट्वेनचे आश्चर्य उसने घेतो. जे त्याला घरचे आहे तेही तो परके म्हणून शिकतो. ही केवळ अध्यापनपद्धतीची त्रुटी नव्हे. स्वतःच्या भाषेचे भान हरवल्याचे ते लक्षण आहे.

३

कानेटीचा जन्म १९०५ साली बल्गेरियातील रुसे या डॅन्यूबकाठच्या नगरात झाला. घरातील भाषा लादिनो, म्हणजे स्पेनमधून निष्कासित झालेल्या ज्यूंची स्पॅनिश. आईवडील एकमेकांशी मात्र जर्मनमध्ये बोलत. व्हिएन्नातील तारुण्याची आणि रंगभूमीची ती भाषा होती आणि मुलांना तीत प्रवेश नव्हता. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राच्या पहिल्या खंडात कानेटी सांगतो की, अर्थ न कळता केवळ ध्वनी पाठ करून तो ती वाक्ये एकांतात मंत्रासारखी उच्चारीत असे. १९१२ साली वडिलांचा आकस्मिक मृत्यू झाला. पुढील वर्षी लोझान येथे आईने त्याला जर्मन शिकवली. तिने पुस्तक त्याच्या हाती दिले नाही. वाक्ये तोंडाने म्हणवून घेतली, त्यांचे अर्थ एकदाच सांगितले आणि विसरल्यास उपहास केला. या यातनांतून लाभलेल्या भाषेला तो उशिरा रुजवलेली मातृभाषा मानतो.

या प्रसंगाचे वाचन बहुधा मानसशास्त्रीय अंगाने होते : पती गमावलेली स्त्री त्याच्याशी असलेली संवादाची भाषा मुलात निर्माण करू पाहते. हे वाचन चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. येथे जर्मन संस्कृती दाराआड वाट पाहत नाही. मुलाच्या दृष्टीने जर्मन म्हणजे आधी वगळले जाणे, नंतर अपमानित होणे आणि अखेरीस आईच्या जवळिकीचा वाटेकरी होणे. भाषेचा आशय आणि ती मिळवण्याची प्रक्रिया यांत येथे भेद करता येत नाही. बालपणातील जे प्रसंग लादिनोत वा बल्गेरियनमध्ये घडले, तेही पुढे आपल्याला जर्मनमध्येच आठवू लागले, असे तो नोंदवतो. शिकलेली भाषा केवळ भविष्याची वाट उघडीत नाही, ती भूतकाळाचेही भाषांतर करते. १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या या लेखकाने आयुष्याचा मोठा काळ इंग्लंडमध्ये काढूनही जर्मन सोडली नाही. ज्यांनी त्याला हद्दपार होण्यास भाग पाडले त्यांच्या मालकीची ती भाषा आहे, हे त्याने मान्य केले नाही. भाषेवरील हक्क जन्माने सिद्ध होत नाही, ही भूमिका या निष्ठेत अध्याहृत आहे.

४

ओझ्दामारचे भाषार्जन वेगळ्या सामाजिक स्तरावर घडते. १९६१ साली पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगारभरतीचा करार झाला. १९४६ साली जन्मलेली ओझ्दामार १९६५ मध्ये बर्लिनच्या कारखान्यात कामाला आली. १९९८ सालच्या तिच्या कादंबरीत कामगार स्त्रिया दुकानात अंडी मागण्यासाठी कोंबडीची नक्कल करतात आणि निवेदिका वृत्तपत्रांचे मथळे अर्थ न समजता पाठ करते. कोणी काही विचारले तर ती पाठ मथळ्यांपैकी एखादा उत्तरादाखल देते. प्रसंग विनोदी आहे, परंतु त्या विनोदाची धार निवेदिकेवर नाही. अर्थापासून सुटलेला मथळा दैनंदिन संवादात येऊन पडतो, तेव्हा मथळ्यांच्या भाषेचा पोकळ अधिकारच उघडा होतो.

१९९० सालच्या तिच्या पहिल्या कथासंग्रहाचे शीर्षक 'मुटरत्सुंग' हे या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. मातृभाषा या अर्थी रूढ जर्मन शब्द 'मुटरश्प्राख' असा आहे. तुर्कीत मात्र जीभ आणि भाषा यांना एकच शब्द आहे. लेखिका तो शब्दशः जर्मनमध्ये उतरवते आणि 'आईची जीभ' असा, जर्मन वाचकाला कळणारा पण अनोळखी असलेला शब्द तयार होतो. ही चूक नव्हे. जर्मन शब्दात अमूर्त झालेले शरीर तुर्कीच्या आधारे जर्मनला परत दिले गेले आहे. कथेतील निवेदिकेला आईची वाक्ये आता नीट शिकलेल्या परभाषेसारखी ऐकू येतात. हरवलेल्या तुर्कीकडे परतण्यासाठी ती अरबी शिकू लागते, कारण १९२८ च्या लिपिसुधारणेपूर्वी आजोबा ज्या लिपीत लिहीत ती अरबी होती. पूर्वजांचे मोडी कागद घरात असून ते वाचता न येणाऱ्या मराठी वाचकाला या तुटलेपणाचे मर्म वेगळे सांगावयास नको.

१९९१ साली ओझ्दामारला इंगेबोर्ग बाखमान पुरस्कार मिळाला तेव्हा तिच्या जर्मनविषयी वाद झाला. एका बाजूने तिच्या वाक्यरचनेत सदोषता पाहिली गेली; दुसऱ्या बाजूने पूर्वेकडील कथनाचा सुगंध. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही प्रतिक्रिया एकाच गृहीतकावर उभ्या आहेत : जर्मन ही आमची आहे आणि लेखिका तिच्यात पाहुणी आहे. दूषण आणि कौतुक ही दोन्ही यजमानाचीच कृत्ये होत. २०२२ साली तिला गेओर्ग ब्यूखनर पुरस्कार मिळाला. त्यामुळे तिचे स्थान वादातीत झाले असे म्हणता येईल. परंतु पुरस्काराने गृहीतक आपोआप नाहीसे होत नाही.

५

१९६० साली तोक्योत जन्मलेली योको तावादा १९८२ पासून जर्मनीत राहत आहे आणि जपानी व जर्मन अशा दोन्ही भाषांत लिहिते. १९९६ च्या तिच्या ललितलेखसंग्रहातील एका लेखात कार्यालयातील सहकारी स्त्री रागाने पेन्सिलीला मूर्ख म्हणते. निवेदिकेला त्यात एक विलक्षण नाते दिसते. पेन्सिल जर्मनमध्ये पुल्लिंगी आहे, म्हणजे ती बाई एका 'त्या'च्यावर रागावली आहे. जर्मन भाषकाला हे लिंग ऐकूच येत नाही. जिच्या मूळ भाषेत असे व्याकरणिक लिंग नाही, तिलाच ते ऐकू येते. टंकलेखनयंत्र मात्र स्त्रीलिंगी, आणि तेच तिला नवी भाषा देते म्हणून तिची 'भाषामाता' होते. मातृभाषेतील शब्दांना विचार घट्ट चिकटलेले असतात आणि परकी भाषा कागदाच्या टाचण्या काढणाऱ्या उपकरणासारखी हे चिकटलेपण सोडवते, ही तिची कल्पना प्रसिद्ध आहे.

येथे एका मोहापासून सावध राहावयास हवे. तावादाचे उदाहरण घेऊन सर्व भाषार्जन हे मुक्तिदायी क्रीडा आहे, असा सिद्धान्त मांडणे सोपे आहे, आणि उत्तर-संरचनावादी परिभाषेत तो आकर्षकही दिसतो. परंतु टाचणी स्वतःच्या हाताने काढणे आणि ती दुसऱ्याने उपटून घेणे यांत अंतर आहे. ओझ्दामारच्या कामगार स्त्रियांना दुकानात निःशब्द उभे राहावे लागते ते सौंदर्यानुभव म्हणून नव्हे. कानेटीच्या बाबतीत तर भाषा आणि दुःख एकाच वेळी रुजले. परकेपणातून दृष्टी लाभते हे खरे. पण त्या दृष्टीची किंमत कोणी, किती आणि स्वेच्छेने मोजली की नाही, हा प्रश्न समीक्षेने बाजूला सारता कामा नये.

६

या विवेचनाची दुसरी बाजू व्हिक्टर क्लेम्पररच्या १९४७ सालच्या ग्रंथात सापडते. क्लेम्परर हा रोमान्स भाषांचा प्राध्यापक. जर्मन त्याची मातृभाषा. ज्यू म्हणून पद गमावल्यावर नाझी राजवटीची भाषा हाच त्याच्या गुप्त टिपणांचा विषय झाला. 'फनाटिश' हा आंधळ्या अभिनिवेशाचा निदर्शक शब्द स्तुतिवाचक कसा झाला, ते तो दाखवतो. शब्द अल्प प्रमाणात घेतलेल्या विषासारखे असतात, परिणाम कालांतराने जाणवतो, ही त्याची धारणा. भाषकांनी हे शब्द गिळले, कारण ते त्यांना ऐकूच आले नाहीत. क्लेम्पररला ते ऐकू आले, कारण राजवटीने त्याला स्वतःच्याच भाषेत परका केले होते आणि स्वतःची भाषा परक्या संहितेसारखी वाचण्याची शिस्त त्याच्यापाशी होती.

यावरून शिकणारा आपोआप सुरक्षित असतो, असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही. ओझ्दामारची निवेदिकाही मथळे अर्थाविना पाठ करते. घोषणा देणारा जमावही अर्थाविनाच बोलतो. फरक एवढाच, पण निर्णायक, की निवेदिकेला आपल्याला अर्थ ठाऊक नसल्याचे ठाऊक असते. हे अज्ञानाचे भान टिकवणे, म्हणजे प्रावीण्य मिळाल्यानंतरही शब्दापाशी क्षणभर थबकणे, यात शिकलेल्या भाषेची नैतिक शक्ती आहे.

जर्मनमध्ये लिहिणाऱ्या अन्यभाषक लेखकांसाठी १९८५ ते २०१७ या काळात जो पुरस्कार दिला जात होता, त्याला आडेलबेर्ट फॉन शामिसोचे नाव होते. जन्माने फ्रेंच असलेल्या शामिसोच्या १८१४ मधील कथेचा नायक आपली सावली विकून बसतो आणि समाजातून बहिष्कृत होतो. शिकलेल्या भाषेतील लेखकाचे प्रतीक म्हणून ही सावली नेहमी उद्धृत केली जाते : त्याच्यापाशी सारे आहे, फक्त सावली नाही. वरील तिन्ही लेखकांचे साहित्य याच्या उलट साक्ष देते. त्यांच्या जर्मनला सावली आहे, आणि ती लादिनोची, तुर्कीची, जपानीची आहे. मराठीतून जर्मनकडे जाणाऱ्या अभ्यासकानेही आपली सावली दाराशी ठेवून आत जाण्याचे कारण नाही. जर्मनमध्ये शिरताना मराठीची लिंगे, मराठीचा क्रियापदाचा क्रम, 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांतील अंतरे त्याच्यासोबत राहिली, तर त्याला जर्मन संस्कृतीविषयी असे काही सांगता येईल जे केवळ तिच्या आत जन्मलेल्यास दिसत नाही. आणि परतताना मराठीतील जे शब्द त्याला आजवर ऐकू येत नव्हते, तेही कदाचित ऐकू येऊ लागतील.