‘आपण’ आणि ‘आम्ही’ : एका शोकगीतमालेचा भाषिक विचार

शोकाचे काव्य होते तेव्हा त्या शोकाचे खासगीपण गळून पडते, अशी आपल्या काव्यशास्त्राची शिकवण आहे. भट्टनायकाने मांडलेल्या आणि अभिनवगुप्ताने परिष्कृत केलेल्या साधारणीकरणाच्या कल्पनेचे मर्म हेच. दुःख अमक्याचे, अमक्या घरातले, अमक्या दिवसाचे राहिले तर ऐकणाराला त्याचा क्लेश होईल. त्याचा करुण रस व्हावयाचा तर ते कोणा एकाचे राहून चालणार नाही. या सिद्धान्तापुढे अवघड प्रश्न उभा करणारी एक कृती प्रस्तुत टिपणात विचारार्थ घेतली आहे. ती म्हणजे अमेरिकन गीतकार-गायक फिल एल्व्हरम यांनी ‘माउंट ईरी’ या नावाने २४ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध केलेली ‘अ क्रो लुक्ड ॲट मी’ ही अकरा गीतांची ध्वनिमुद्रिका.

मोठ्या व्यापारी कंपन्यांपासून अलिप्त राहून वाढलेल्या ज्या संगीतप्रवाहाला ‘इंडी रॉक’ म्हणतात, त्यातील एल्व्हरम हे एक मान्यवर नाव. ‘द मायक्रोफोन्स’ या नावाने त्यांनी २००१ साली काढलेल्या ‘द ग्लो पार्ट टू’ या ध्वनिमुद्रिकेने त्यांना कीर्ती मिळाली. निसर्ग, एकाकीपण आणि शून्यता हे त्यांच्या पूर्वीच्या गीतांचे आवडते विषय होते. त्यांच्या पत्नी जेन्व्हिएव्ह कास्ट्रे या मूळच्या कॅनडातील क्यूबेक प्रांतातल्या, चित्रकथाकार आणि गायिका. २०१५ साली मुलगी झाली आणि त्यानंतर काही महिन्यांतच त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. ९ जुलै २०१६ रोजी त्या वारल्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेरीपासून डिसेंबरच्या आरंभापर्यंत, वॉशिंग्टन राज्यातील अ‍ॅनाकॉर्टेस येथील घरात, ज्या खोलीत त्यांचा अंत झाला त्याच खोलीत, बहुतांशी त्यांचीच वाद्ये घेऊन एल्व्हरम यांनी ही गीते मुद्रित केली.

पहिल्याच गीतात मृत्यू हा गाण्याचा किंवा कलेचा विषयच नव्हे, असे गायक बजावतो. त्यानंतर येतो तो निव्वळ तपशील. मृत्यूनंतर आठवड्याने पत्नीच्या नावाचे एक पार्सल घरी येते. मुलगी पुढे शाळेत जाईल तेव्हा तिला लागेल म्हणून आईने कोणाला न सांगता मागविलेले दप्तर त्यात निघते. या घटनेला उपमा नाही, अलंकार नाही. साधारणीकरणाला अडथळा म्हणून जे जे सांगितले जाते, ते ते येथे हट्टाने ठेवले आहे. तरीही ही गीते ऐकणाराला परकी वाटत नाहीत. असे का व्हावे?

माझ्या मते याचे उत्तर गीतांच्या व्याकरणात आहे. बहुतेक गीते मृत पत्नीला उद्देशून, द्वितीय पुरुषात आहेत. मृताला संबोधून विलाप करणे ही काही नवी गोष्ट नव्हे. रघुवंशाच्या आठव्या सर्गात अजही इंदुमतीशी असाच बोलतो. परंतु तेथे कवी वेगळा आणि शोक करणारा वेगळा. येथे ते अंतर राहिलेले नाही. शिवाय कालगणनाही त्या एका घटनेपासूनच चालते : एक आठवडा, अकरा दिवस, तीन महिने आणि एक दिवस. ‘मी’, ‘तू’, ‘आज’, ‘येथे’ या शब्दांचा अर्थ कोण, कोणाशी, कोठे व केव्हा बोलतो हे कळल्यावाचून ठरत नाही; रोमान याकोबसन यांनी १९५७ साली या शब्दवर्गाची चिकित्सा केली होती. असे शब्द वापरीत राहणे म्हणजे ऐकणारी व्यक्ती समोर आहे असे धरून चालणे होय. ती समोर नाही, हे गायकाला पक्के ठाऊक आहे. तिला अमुक फूल आवडत असे काय, असे तो तिलाच विचारतो. कारण अशा गोष्टी लक्षात ठेवण्याचे काम तिचे होते. प्रश्न व्याकरणदृष्ट्या पूर्ण आहे. उत्तर द्यावयाचे ती व्यक्ती मात्र उरलेली नाही.

मराठी श्रोत्याला येथे आणखी एक गोष्ट जाणवेल. इंग्रजीत प्रथम पुरुषाच्या अनेकवचनाला एकच सर्वनाम आहे. मराठीत ऐकणाराला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ असा भेद करावाच लागतो. गुजराती, तमिळ, तेलुगू याही भाषांत तो आहे. त्यामुळे ही गीते मनात मराठीत उतरवू लागताच जागोजाग थबकावे लागते. ज्या ठिकाणी तिघांनी घर बांधावयाचे ठरविले होते तेथे गायक मुलीला आणि पत्नीची रक्षा घेऊन जातो. बेत होता तो ‘आपला’. आज तेथे आलो ते ‘आम्ही’. मुलीविषयी लोकांशी बोलताना तो ‘माझी’ म्हणू शकेल. पत्नीशी बोलताना मात्र ती ‘आपली’ मुलगीच राहते. मृत्यूने घरात काय केले हे या दोन सर्वनामांमधील अंतरात सामावले आहे. हे अंतर इंग्रजी गीतात उच्चारले जात नाही. पण ते तेथे आहे, आणि मराठी कान ते वेगळे करून ऐकू शकतो.

या कृतीचे दोषही सांगितले पाहिजेत. चाल बोलण्याच्या इतकी जवळ राहते आणि गिटारची साथ इतकी मोजकी आहे की सलग ऐकताना काही गीते एकमेकांत मिसळून जातात. दुसरे असे की, कलेला दिलेला नकार अखेरपर्यंत टिकत नाही. रक्षा म्हणजे ती नव्हे असे सांगून गायक मावळत्या सूर्यालाच तिचे रूप देतो. ‘सोरिया मोरिया’ या गीतात नॉर्वेजियन चित्रकार थिओडोर किट्टेलसन यांच्या चित्रातील दूरवरचा सोनेरी वाडा येतो. म्हणजे रूपक मागच्या दाराने परतलेच. मात्र हा दोष प्रतिज्ञेचा आहे, गीतांचा नव्हे. ज्याला ‘तू’ म्हणावयाचे त्याला कोठेतरी जागा द्यावीच लागते, आणि रूपक ती जागा देते.

अखेरच्या ‘क्रो’ या गीतात संबोधनच बदलते. येथील ‘तू’ म्हणजे लहानगी मुलगी. झोपेत ती कावळ्याचे नाव पुटपुटते, आणि आई तेथे अवतरल्याचे गायक सांगतो. कावळा म्हटल्यावर मराठी मनाला पिंडाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. परंतु तो अर्थ या गीतावर लादणे योग्य नव्हे. महत्त्वाचे आहे ते सर्वनाम. इतका वेळ जी ‘तू’ होती ती येथे ‘ती’ झाली. तिच्याशी बोलणे थांबले आणि तिच्याविषयी, जिवंत ऐकणाराशी, बोलणे सुरू झाले. ‘आपण’ या शब्दाला पुन्हा अर्थ आला. त्यातील एक व्यक्ती तेवढी बदलली.

यावरून साधारणीकरणाचा सिद्धान्त खोटा ठरतो असे नाही. मात्र तपशील गाळणे हा त्याचा एकमेव मार्ग नव्हे, असे निश्चित म्हणता येईल. दप्तर, खोली, तारीख ही एल्व्हरम यांचीच राहतात. ऐकणाराला त्यांतले काही घेता येत नाही, आणि घेऊही नये. ‘मी’ आणि ‘तू’ हे शब्द मात्र कोणा एकाच्या मालकीचे नसतात. जो उच्चारील त्याचे ते होतात. आपले माणूस गमावलेला श्रोता त्या रिकाम्या ‘तू’च्या जागी स्वतःचे माणूस ठेवतो. दुःख ज्याचे त्याचेच राहते. सामाईक होते ते व्याकरण.