तान्ह्या हाडांवर किती बोलायचं?

विद्यापीठांच्या जाहिरातींत अधूनमधून एक पद दिसतं. संशोधन साहाय्यक, मुदत सहा महिने, फार तर वर्षभर. काम काय, तर उत्खननात मिळालेल्या अर्भकांच्या अस्थींचा अभ्यास. प्रकल्प संपला की पद संपतं. आज आपण या पदाविषयी बोलणार आहोत, पण नोकरी म्हणून नाही. या कामातून जी विधानं बाहेर पडतात, पुस्तकांत जातात, वर्तमानपत्रांत मथळे होतात, ती विधानं ही हाडं कितपत पेलतात, हे आपल्याला तपासायचं आहे.

आधी काम समजून घेऊ. मोठ्या माणसाच्या अंगात 206 हाडं असतात. नवजात बाळाच्या अंगात त्याहून बरीच जास्त, कारण पुढे एकजीव होणारे तुकडे अजून सुटे असतात. मांडीच्या हाडाची दोन्ही टोकं जोडलेली नसतात, मणक्याचे भाग वेगळे असतात, दातांवर हिरडीही फुटलेली नसते, जबड्यात नुसत्या टोप्या बसलेल्या असतात. माती चाळताना जाळी मोठ्या भोकांची असली की या टोप्या गेल्याच. खोक्यातून येतात ते काडीसारखे तुकडे. त्यांत कोंबडीचं हाड कुठलं, बाळाची बरगडी कुठली, डावं की उजवं, एक मूल आहे की दोन, हे आधी ठरवायचं. मग मोजायचं. पूर्ण दिवस भरलेल्या बाळाचं मांडीचं हाड साधारण साडेसात सेंटिमीटर भरतं. त्या लांबीवरून वय काढायचं, तक्ता भरायचा, अहवाल लिहायचा. मुदत संपली.

आता या तक्त्याचं पुढे काय होतं ते बघू.

इंग्लंडमध्ये बकिंगहॅमशायर परगण्यात हॅम्बल्डन गावाजवळ रोमन काळातला एक मोठा वाडा आहे, येव्डेन. 1912 साली आल्फ्रेड कॉक्स यांनी तो खणला. आवारात त्यांना 97 अर्भकं पुरलेली मिळाली. पुढे शंभरेक वर्षांनी त्यांतली काही हाडं संग्रहालयाच्या खोक्यांत पुन्हा सापडली. सायमन मेज आणि जिल आयर्स यांनी ती मोजली आणि 2011 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुतेक बाळं एकाच वयाची होती, नऊ महिने पूर्ण झालेली. मेज यांचा जुना युक्तिवाद असा, की नैसर्गिक मृत्यू असते तर वयं पसरलेली दिसली असती, काही अपुऱ्या दिवसांची, काही जन्मानंतर महिन्या-दोन महिन्यांची. सगळी एकाच टोकाला गोळा झाली आहेत, म्हणजे जन्मताच मारलेली. त्यावर आणखी एक मजला चढला. इतकी नको असलेली मुलं एका जागी, म्हणजे तिथे वेश्यागृह असावं. वर्तमानपत्रांनी हा मजला तेवढा उचलला.

दुसरं उदाहरण अश्केलोनचं, इस्रायलच्या किनाऱ्यावरचं. रोमन काळाच्या उत्तरार्धातल्या एका स्नानगृहाखालच्या गटारात जवळपास शंभर अर्भकं सापडली. पॅट्रिशिया स्मिथ आणि गिला काहिला यांनी 1992 मध्ये त्यांचं विश्लेषण करून शिशुहत्येचा निष्कर्ष मांडला. गटारात टाकलेली मुलं, तेव्हा हा निष्कर्ष येव्डेनपेक्षा बळकट आहे, हे मान्य करू. सगळ्यांना वाटलं, मारल्या त्या मुलीच असणार. 1998 मध्ये प्राचीन डीएनएचे निकाल आले. ज्या 19 हाडांतून उत्तर मिळालं, त्यांत 14 मुलगे निघाले आणि 5 मुली. मग काय झालं? गोष्ट बदलली नाही, तिची दिशा फिरवली. स्नानगृह म्हणजे वेश्यागृह, तिथे मुली धंद्यासाठी ठेवल्या जात आणि मुलगे टाकले जात.

इथे जरा थांबू. मुली निघाल्या असत्या तर शिशुहत्या. मुलगे निघाले तरी शिशुहत्या, आणि वर वेश्यागृह. येव्डेनच्या हाडांचा डीएनए पुढे तपासला तेव्हा मुलगे आणि मुली जवळपास सारखेच निघाले, तरीही शिशुहत्येची गोष्ट टिकली. आमचा पहिला आक्षेप हा आहे. जी गोष्ट तिन्ही उत्तरांत जशीच्या तशी उभी राहते, तिला त्या उत्तरांचा आधार आहे असं म्हणता येत नाही. ती गोष्ट आपण आधीच घेऊन आलेलो असतो.

दुसरा आक्षेप मोजमापाचा. तो थोडा तांत्रिक आहे, पण सगळं त्यावरच उभं आहे. हाडाच्या लांबीवरून वय काढायला एक संदर्भसंग्रह लागतो. फार वापरला गेलेला संग्रह हंगेरीतल्या फाझेकाश आणि कोशा यांचा, 1978 साली छापलेला, 138 गर्भांचा. त्यातल्या गर्भांची वयंसुद्धा शरीराच्या लांबीवरून ठरवलेली आहेत. म्हणजे लांबीवरून वय, आणि त्या वयावरून पुन्हा लांबी. शिवाय अशा समीकरणांची एक खोड असते. मूळ संग्रहात ज्या वयाची मुलं जास्त, त्या वयाकडे नवी हाडंही ओढली जातात. रिबेका गोलंड आणि अँड्र्यू चेंबरलेन यांनी 2002 मध्ये रोमन ब्रिटनची तीच आकडेवारी वेगळ्या संख्याशास्त्रीय पद्धतीने मांडून दाखवली, तेव्हा नऊ महिन्यांवरचं ते टोकदार शिखर बरंचसं पसरट झालं. आणि शिखर खरं धरलं तरी काय? माणसाच्या आयुष्यात जन्माचा दिवस हाच फार धोक्याचा दिवस. दाई, वैद्य, स्वच्छ पाणी यांतलं काही हाताशी नसताना बाळं त्याच दिवशी जास्त जात असणार. त्याला कुणाचा हात लागायलाच हवा असं नाही.

बरं, हे झालं परदेशाचं. आता आपल्या घोड नदीच्या काठावर येऊ.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातलं इनामगाव आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केलं. ढवळीकर, सांकलिया आणि अन्सारी यांचा मोठा अहवाल 1988 मध्ये आला. इसवी सनापूर्वी साधारण 1600 ते 700 या काळातलं ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचं हे गाव. तिथे दोनशेहून अधिक दफनं मिळाली आणि त्यांत लहान मुलांची संख्या मोठी. मूल दोन मडक्यांत ठेवायचं, मडकी आडवी करून तोंडाला तोंड लावायची आणि घराच्या जमिनीखाली खड्ड्यात पुरायची. नेवासं, दायमाबाद इथेही हीच रीत दिसते.

आता गंमत बघा. गंमत कसली, गंभीरच बाब आहे. हाडं त्याच वयाची आहेत, नवजात आणि काही महिन्यांची. जागाही घराच्या आतली किंवा आवारातली. पण येव्डेनला आपण म्हटलं, नकोशी मुलं. इनामगावला आपण म्हणतो, आईला मूल जवळ हवं होतं, मडकं म्हणजे गर्भाशय. आम्हांलाही दुसरी गोष्ट आवडते, आपल्या मातीतली आहे म्हणून असेल. पण आवडते म्हणून ती जास्त सिद्ध होत नाही. दोन्हीकडे हाडांनी फक्त वय सांगितलं आहे. माया किंवा निष्ठुरता आपण घातली आहे.

मग निर्णय कशावर करायचा? हाडांपेक्षा रीतीवर, आणि रीत त्या समाजाची म्हणून वाचायची. प्लिनी हा रोमन लेखक सांगतो, की दात येण्याआधी मेलेल्या मुलाला अग्नी द्यायचा नाही, अशी माणसांची रीत आहे. आपल्याकडेही तान्ह्या मुलाला जाळत नाहीत, पुरतात. मनुस्मृतीत दोन वर्षांखालच्या मुलाला गावाबाहेर शुद्ध जमिनीत पुरायला सांगितलं आहे. म्हणजे रोमन वाड्याच्या आवारात पुरलेली अर्भकं ही तिथल्या रीतीप्रमाणे पुरलेली साधी मुलं असू शकतात. आणि इनामगावच्या लोकांची रीत मनुस्मृतीतल्या रीतीहून वेगळी होती, एवढं नक्की म्हणता येतं. घरात पुरणं आणि गावाबाहेर पुरणं या दोन गोष्टींत फरक आहे. त्याचा अर्थ मात्र अजून शोधायचा आहे, तो मडक्यावर लिहिलेला नाही.

इनामगावच्या मुलांवर आणखी एक ओझं टाकलं गेलं, हवामानाचं. गावाच्या शेवटच्या टप्प्यात, म्हणजे उत्तर जोर्वे काळात, चौकोनी प्रशस्त घरं जाऊन गोल झोपड्या येतात. ढवळीकरांनी याचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी जोडला. शेती मोडली, लोक अर्धभटके झाले, असं ते चित्र. लुकाक्स आणि वाळिंबे यांनी 1986 मध्ये इनामगावच्या अस्थींचा सविस्तर अभ्यास छापला. पुढे गुएन रॉबिन्स शूग यांनी 2011 मध्ये इंग्रजीत एक पुस्तकच लिहिलं आणि मुलांच्या वाढीचा हाडांवरून माग काढत, हवामानबदल हे सरळ, एकटं कारण मानायला नकार दिला. हे पुस्तक आम्हांला महत्त्वाचं वाटतं ते एका कारणासाठी. ज्या तान्ह्या हाडांना आधी परिशिष्टात जागा असायची, ती इथे मुख्य पुरावा होऊन एका मान्य सिद्धान्तासमोर उभी राहिली.

पण त्या पुस्तकाला आणि अशा प्रत्येक पुस्तकाला एक जुना प्रश्न विचारावाच लागतो. जेम्स वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये तो मांडला. दफनात मिळतं ते मेलेलं मूल. जगलेली मुलं दफनात नसतात, ती मोठी होऊन दुसरीकडे पुरली जातात. मग मेलेल्या मुलांची हाडं खुजी निघाली तर सगळं गाव उपाशी होतं की फक्त तीच मुलं आजारी होती? शिवाय हाडावर आजाराची खूण उमटायला वेळ लागतो. खूण आहे म्हणजे मूल आजाराशी काही दिवस, काही महिने झुंजलं. जे दोन दिवसांत गेलं त्याचं हाड अगदी स्वच्छ निघेल. स्वच्छ हाड म्हणजे निरोगी मूल, असं वाचलं तर उलटाच अर्थ लागतो.

आता सुरुवातीच्या त्या सहा महिन्यांच्या पदाकडे येऊ. कारण आमचा मुख्य मुद्दा तिथे आहे.

वर सांगितलेले प्रश्न सोडवण्याच्या वाटा आहेत. बाळ जिवंत जन्मलं का, हे दाताच्या एनॅमलमध्ये जन्माच्या वेळी पडणाऱ्या बारीक रेषेवरून कळू शकतं. ती सूक्ष्मदर्शकात दिसायला बाळ जन्मानंतर आठवडाभर तरी जगलेलं असावं लागतं. म्हणजे जन्मताच मारलं की आठवड्याने आजारात गेलं, या वादात ही रेषा बोलू शकते. मुलगा की मुलगी हे तान्ह्या हाडाच्या आकारावरून खात्रीने सांगता येत नाही, पण एनॅमलमधल्या प्रथिनांवरून आता सांगता येतं. ही कामं सावकाशीची आहेत, खर्चाची आहेत, आणि त्यांत दाताचा काही भाग कायमचा नष्ट होतो. सहा महिन्यांत जे होतं ते लांबी मोजणं. म्हणून आपलं बरंचसं ज्ञान लांबीवर उभं आहे. प्रश्नाने पद्धत निवडली नाही, मुदतीने निवडली. मुदत संपताना हातात एक निबंध हवा असतो, आणि 'वयांचा आलेख पसरट आहे, कारण सांगता येत नाही' या निबंधापेक्षा शिशुहत्येचा निबंध लवकर छापून येतो. यात त्या तरुण संशोधकाची लबाडी नाही. त्याला पुढचं पद मिळवायचं असतं.

दुसरं नुकसान वारशाचं. येव्डेनची हाडं शंभर वर्षं टिकली, खोक्यांत का होईना. पण प्रत्येक नव्या हाताने मोजताना जुन्या हाताने काय पाहिलं, काय टाकून दिलं, कुठला तुकडा कुणाच्या शेजारी होता, हे कळलं पाहिजे. पद संपून माणूस गेला की हे ज्ञान त्याच्याबरोबर जातं. उरतो तो वयांचा तक्ता. मूळ मापं उरत नाहीत. आणि तक्ता तर एका विशिष्ट संदर्भसंग्रहातून निघालेला असतो, जो उद्या बदलणार आहे.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. वय छापा, पण त्याच्या शेजारी मिलिमीटरमधलं माप छापा, आणि कुठल्या संग्रहावरून वय काढलं तेही छापा. एक आकडा नको, पल्ला द्या. मडक्यातली माती टाकू नका, बारीक जाळीतून चाळा, दाताच्या टोप्या तिथेच असतात. दात कापण्याआधी त्याचं पूर्ण चित्रण करून ठेवा. आणि जाणारा साहाय्यक नि येणारा साहाय्यक यांना महिनाभर तरी एका टेबलावर बसवा, दोघांनाही पगार देऊन. शेवटची ही मागणी सगळ्यांत स्वस्त आहे आणि सगळ्यांत अवघड.

वाचक म्हणून आपलंही एक काम आहे. पुढच्या वेळी 'प्राचीन वाड्यात शंभर अर्भकांची हत्या' असा मथळा दिसला, किंवा 'तीन हजार वर्षांपूर्वीची महाराष्ट्रातली माया' असा दिसला, तर दोन्हींना एकच प्रश्न विचारा. यातलं हाडाने किती सांगितलं, आणि सांगणाऱ्याने किती? ही मुलं काही दिवसच जगली. त्यांच्याविषयी जे थोडं कळू शकतं, ते नीट कळावं एवढं तरी आपण त्यांचं देणं लागतो.

आता प्रश्नांना वेळ देऊ. कुणी नेवाशाबद्दल विचारणार असेल तर आधी तिथूनच सुरू करू.