‘उंबरठा’तली जाऊ

मे महिन्यात आमच्या गच्चीवर बिबडे घालतात. ज्वारीचा घाटा पहाटेच शिजवायचा, वर न्यायचा, ओल्या फडक्यावर हाताने थापायचा आणि ऊन चढायच्या आत खाली यायचं. शिरपूरचं ऊन नऊ वाजता माणसाला गच्चीवरून हाकलून देतं. तेवढ्या दोन-तीन तासांत चार घरच्या बायका एकत्र असतात. हात गुंतलेले, तोंड मोकळं. यंदा त्यांच्यात माझा फोनही होता, तेलाच्या डब्याला टेकवून ठेवलेला.

आधी ‘मिसेस’ लागला. फेब्रुवारी २०२५मध्ये झी फाइव्हवर आलेला आरती कडवचा सिनेमा, सान्या मल्होत्राचा. जिओ बेबीच्या २०२१च्या ‘द ग्रेट इंडियन किचन’ या मल्याळम सिनेमावरून केलेला. माझ्या वयाच्या सगळ्या पोरींनी तो तेव्हाच पाहिला होता, स्टेटसला टाकला होता, त्यावरून भावांशी भांडूनही झालं होतं. गच्चीवर मात्र भांडण झालंच नाही. सासऱ्याला चटणी पाट्यावरचीच हवी, हे आलं तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘आमचे सासरे असेच होते.’’ गळकं सिंक आलं तेव्हा आई नुसती हसली. शेवटी ती घर सोडून गेली तेव्हा सगळ्या म्हणाल्या, बरं केलं. दोन दिवसांत सिनेमा संपला, बिबडे वाळले, विषय मिटला.

मग मी ‘उंबरठा’ लावला आणि आठवडाभर घरात शांतता राहिली नाही.

लावायचं कारण अगदी साधं होतं. स्मिता पाटील आमची आहे, असं शिरपुरात कुणीही सांगतं. जन्म पुण्याचा, १७ ऑक्टोबर १९५५चा, पण घराणं इथलं. वडील शिवाजीराव गिरधर पाटील इथले पुढारी, स्वातंत्र्यसैनिक, पुढे राज्यात मंत्री. गावाबाहेरचा माणूस भेटला आणि त्याने शिरपूर कुठे असं विचारलं की आम्ही तीन गोष्टी सांगतो: मुंबई-आग्रा हायवे, तापीवरचा पूल, आणि स्मिता पाटील. पण तिचे सिनेमे किती पाहिलेत असं मी गच्चीवर विचारलं तेव्हा अमिताभबरोबरचं पावसातलं गाणं सोडून कुणाला काही आठवेना. मलाही फार नाही. शाळेत असताना ‘जैत रे जैत’ अर्धा पाहिला होता, तोही लाइट जाईपर्यंत. ज्याचा अभिमान बाळगायचा ते बघायला लागत नाही, ही आपली जुनी सोय आहे.

‘उंबरठा’ १९८२चा. दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा विजय तेंडुलकरांची, मूळ कादंबरी शांता निसळ यांची ‘बेघर’. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. गोष्ट अशी. सुलभा महाजन वकिलाची बायको, चांगल्या घरची सून, एका मुलीची आई. तिला काहीतरी करायचं आहे. संगमवाडी नावाच्या लांबच्या गावी स्त्रियांच्या आश्रमात अधीक्षिकेची नोकरी मिळते. नवरा आणि सासू नाराज होतात. ती तरीही जाते. तिथे संस्थेची समिती, आमदार, भ्रष्टाचार या सगळ्यांशी झगडते, आणि शेवटी चौकशी तिच्यावरच येते. राजीनामा देऊन परतते तेव्हा कळतं की दरम्यान नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आली आहे. ती पुन्हा निघते.

आईचा पहिला प्रश्न पहिल्याच सकाळी आला. घरात आम्ही अहिराणीच बोलतो. ‘‘नवरा ते चांगला शे ना तिना. मंग काबर गई?’’ नवरा तर चांगला आहे, मग का गेली?

हा प्रश्न मी गंभीरपणे घेते, कारण सिनेमानेच तो मुद्दाम उभा केला आहे. गिरीश कार्नाडचा सुभाष मारत नाही, दारू पीत नाही, कपाटाला कुलूप लावत नाही. त्याला आपल्या बायकोचं जे कळत नाही ते तो सभ्यपणे कळत नाही म्हणतो. घरात माणसं आहेत, पैसा आहे. ‘मिसेस’मधली रिचा निघाली तेव्हा तिला आमच्या सगळ्या गच्चीचा पाठिंबा होता, कारण त्या घरात एक दिवस राहणंही आम्हाला नकोसं झालं होतं. सिनेमाने सिंकमधलं पाणी, उष्टं, वास, सगळं आमच्या नाकापर्यंत आणलं होतं. मूल नव्हतं. परतीची दोरी एकही नव्हती. अशा घरातून बाहेर पडायला परवानगी लागत नाही, ती प्रेक्षक आधीच देऊन बसलेला असतो. मला तो सिनेमा आवडला, खोटं कशाला बोलू. पण ‘उंबरठा’ पाहिल्यावर त्यात एक पळवाट दिसायला लागली. बाईला घर सोडायचं असेल तर आधी ते घर नरक असल्याचं सिद्ध करा, मग आम्ही टाळ्या वाजवू. घर बरं असेल, आणि बाईला फक्त काम करावंसं वाटत असेल, तर? १९८२चा सिनेमा हा प्रश्न विचारतो आणि २०२५चा विचारत नाही.

आणि तो प्रश्न पेलायला स्मिता लागते. आज कुणी हा रोल केला असता तर आपल्याला तिचं दुःख पटवून द्यायला धडपडली असती. रात्री उशीत तोंड खुपसून रडणं, आरशासमोर उभं राहणं, पाठीमागे व्हायोलिन. स्मिता असलं काही मागत नाही. ती ऐकताना स्थिर असते, आणि ज्या वेळी समोरच्याला वाटतं की हिला पटलं, नेमकं त्या वेळी तिच्या डोळ्यांतून कळतं की निर्णय कधीच झालेला आहे. नवऱ्याशी बोलताना तिचा आवाज फारसा चढत नाही. काकूंना तेच खटकलं. ‘‘एवढी लेक सोडून चालली, रडायला तरी हवं होतं.’’ मला वाटतं सिनेमाची खरी ताकद या तक्रारीतच आहे. ती रडली असती तर काकूंनी तिला माफ केलं असतं, आणि मग ही एका बिचाऱ्या बाईची गोष्ट झाली असती.

आश्रमाचा भाग मला तितका धरून ठेवू शकला नाही. तिथल्या बायका एकेक करून येतात, आपापलं प्रकरण सांगतात आणि मागे सरकतात. दोन बायकांचं एकमेकींवरचं प्रेम त्या काळी मराठी पडद्यावर आणलं हे धाडस खरंच, पण सिनेमाला त्या दोघींपेक्षा त्यांच्यामुळे उडालेल्या गोंधळात जास्त रस आहे. समितीच्या बायका आणि आमदार तर लगेच ओळखू येतात, इतक्या लगेच की पुढे काय होणार ते काकूंनी आधीच सांगून टाकलं. असो.

आता माझा मुद्दा. तो सांगायचा तर घरातलं सांगावं लागेल.

माझी ताई गृहपाल आहे. मुलींच्या सरकारी वसतिगृहात, इथून रात्रभराच्या एसटीवर. दोन वर्षं झाली. दाजी सुरतेला असतात, महिन्यातून दोनदा येतात. त्यांची लेक, माझी भाची, पाच वर्षांची, आमच्याकडे आहे. तिला सकाळी उठवणं, डबा, वेण्या, शाळेच्या रिक्षात बसवणं, ताप आला की रात्री कपाळावर पट्टी ठेवणं हे मी करते. दुपारी घरीच शिकवण्या घेते, त्या तिच्या शाळेच्या वेळेवर बेतलेल्या असतात. मला पुण्यात कोर्स करायचा होता. तो ‘पुढच्या वर्षी’ करायचा आहे, दोन वर्षांपासून.

गच्चीवर ‘उंबरठा’ बघताना सगळ्यांना हे माहीत होतं. आई बोलली ते सुलभाबद्दल नव्हतं. ‘‘पोरले टाकीसन गई,’’ असं ती म्हणाली तेव्हा फडक्यावरचा तिचा हात थांबला होता. मी भडकले. टाकून नाही गेली, ठेवून गेली, यात फरक आहे, असं म्हणाले. सुलभाची बाजू मी अशी घेतली की जणू ताईचाच खटला चालला होता. संध्याकाळी भांडी घासताना मात्र एक गोष्ट डोक्यात आली आणि गेली नाही. ठेवून गेली, पण कुणाकडे?

सुलभाला जाता येतं, कारण तिची जाऊ म्हणते, जा, मी बघते लेकीकडे. सगळा सिनेमा या एका वाक्यावर उभा आहे. ते नसतं तर संगमवाडी नाही, आश्रम नाही, स्मिताचे ते डोळेही नाहीत. मी दुसऱ्यांदा सिनेमा पाहिला तो फक्त या जावेसाठी. पाहिलं की कॅमेरा तिच्याकडे किती वेळ थांबतो. थांबत नाही. ती चांगली आहे, समजूतदार आहे, आणि चांगल्या बाईकडे बघत बसायचं कारण सिनेमाला वाटत नाही. त्या मुलीला पहिल्यांदा ‘आई कुठे गेली’ असं तिने काय सांगितलं असेल? रात्री मुलगी आईला हाक मारत उठली तेव्हा तिला कसं वाटलं असेल? आणि सुलभा परत आली, लेक परकी झालेली दिसली, तेव्हा आपल्याला सुलभाचं तुटलेलं मन दिसतं. मुलगी परत जाईल म्हणून जावेच्या पोटात आलेला गोळा दिसत नाही. हे मला कुठल्या समीक्षेत वाचून कळलं नाही. ताई दिवाळीला येते तेव्हा भाची तिच्या कुशीत झोपते, आणि मला त्या रात्री झोप लागत नाही. बरं वाटतं आणि वाटतही नाही.

तेंडुलकर आणि पटेल यांच्यासारख्या माणसांना हे दिसलं नसेल असं नाही. पण बाहेर पडणारीची गोष्ट सांगताना घरी राहणारी ही सोय म्हणून येते, तेव्हाही आणि आजही. ‘मिसेस’ने तर मूलच काढून टाकून हा प्रश्न आधीच संपवला आहे. बाहेर पडणाऱ्या बाईच्या मागे बहुतेक वेळा दुसरी बाई थांबलेली असते: आई, बहीण, जाऊ, शेजारीण, पगारावरची मावशी. तिच्याबद्दल सिनेमा काढला तर तो बघायला बसेल कोण, असं माझी मैत्रीण म्हणाली. गच्ची बसेल, मी म्हटलं.

हे सगळं डोक्यात चालू असताना स्मिताबद्दल वाचत होते. २८ नोव्हेंबर १९८६ला तिला मुलगा झाला, आणि १३ डिसेंबरला, बाळंतपणानंतरच्या आजारात, ती गेली. वय ३१. मुलाला तिच्या आईवडिलांनी वाढवलं. २०२५मध्ये त्या मुलाने, प्रतीकने, आपल्या नावापुढे ‘स्मिता पाटील’ लावायचं ठरवलं, ही बातमी आमच्याकडेही फिरली आणि गच्चीवर डोळे पुसले गेले. आईचं नाव लावलं, बरं झालं. मला मात्र आजीची, विद्याताईंची, आठवण येत होती. पंधरा दिवसांचं बाळ हातात, आणि लेक गेलेली. शिरपूर स्मिताला आपली म्हणतं तेव्हा त्या आजीचं नाव कुणी घेताना मी ऐकलेलं नाही.

आईशी माझं भांडण मिटलं नाही, नुसतं थंडावलं. शेवटच्या दिवशी सुलभा गाडीत बसली, पडदा संपला, तेव्हा आई बराच वेळ काही बोलली नाही. मग बिबडे उलटवत म्हणाली, ‘‘तिन्ही जाऊ भली शे.’’ तिची जाऊ चांगली आहे. माझ्याकडे बघितलं नाही, पण एवढ्या दिवसांत सिनेमातल्या त्या बाईबद्दल बोललेलं ते पहिलंच वाक्य होतं. काकूंनी मान डोलावली आणि विषय लगेच लसणाच्या भावाकडे गेला.

जूनमध्ये ताई दोन दिवस आली. मी तिला म्हटलं, ‘उंबरठा’ बघ, तुझीच नोकरी आहे त्यात. फोन तिच्या हातात दिला. तिने पंधराएक मिनिटं पाहिला, जिथे जायचं ठरतं तिथपर्यंत, आणि थांबवला. भाची तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती.

‘‘पुढे मुलीचं काय होतं?’’ तिने विचारलं.

‘‘ते दाखवलेलं नाही,’’ मी म्हणाले.

तिने फोन मला परत दिला, आणि विचारलं की पुण्याच्या कोर्सचा फॉर्म कधी निघतो.