टेलरसाहेबाची 'तारा'

भोपाळात राहणाऱ्या माझ्यासारख्या मराठी माणसाला ठग म्हटले की सागर-जबलपूरचा स्लीमन आठवतो. ठगांचा बंदोबस्त केला त्याने; पण ठगाला कादंबरीत बोलता केला तो मेडोज टेलरने, आणि हा टेलर आपल्या सीमाभागातला. निजामाच्या चाकरीतला हा अंमलदार १८४१ पासून शोरापुरास होता. १८५३ नंतर नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार त्याच्याकडे आला.

'कन्फेशन्स ऑफ अ ठग' (१८३९) मध्ये कैदेतला अमीर अली स्वतःच आपली कथा सांगतो. ७१९ खून सांगताना त्याला पश्चात्ताप नाही, उलट थोडी ऐटच आहे. ऐकणारा साहेब क्वचितच मध्ये बोलतो. पुढे ऑस्ट्रेलियात टी. ए. ब्राउन या मॅजिस्ट्रेटने 'रॉल्फ बोल्डरवुड' या नावाने 'रॉबरी अंडर आर्म्स' लिहिली, तीही तुरुंगातल्या दरोडेखोराच्याच तोंडून. कचेरीत जबान्या ऐकून दोघांचेही कान तयार झाले असावेत!

मात्र 'तारा' (१८६३) वाचताना मी अडखळतो. काळ १६५७ नंतरचा, नायिका तुळजापूरच्या शास्त्र्यांची बालविधवा मुलगी. खलनायक मोरो त्रिमल हा शिवाजी महाराजांच्या पक्षाचा आणि नायक अफझलखानाचा मुलगा फाजल. आपला वाचक इथेच पुस्तक मिटतो. ते मला पटत नाही. विजापूरकरांच्या घरातही माणसे राहत होती, हे दोन भाषांच्या गावात वाढलेल्यांना नव्याने सांगायला नको. शिवाय तुळजापूरचे देऊळ आणि तिथली माणसे टेलरने नकाशावर पाहून लिहिलेली नाहीत; तो मुलूख त्याने घोड्यावरून पालथा घातला होता.

माझी तक्रार वेगळी आहे. खुनी अमीर अलीला टेलर पानेच्या पाने बोलू देतो. ताराची कहाणी मात्र तोच सांगतो. चितेवरून फाजल तिला सोडवतो, लग्नही होते. पण ही सुटका वरून आलेल्या हुकमासारखी वाटते. आरोपीची जबानी घ्यायची, पीडितेच्या बाबतीत निकाल द्यायचा, ही कचेरीची रीत कादंबरीत शिरली आहे. याउलट बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) मध्ये कला बेताची आणि धर्मोपदेश भरपूर, तरी यमुना स्वतः हिंडते, विधवांची दुःखे ऐकते, पुढे स्वतः विधवा होऊन पुन्हा लग्न करते.

टेलर १८६० साली मायदेशी परतला. त्याच साली नळदुर्गही निजामाकडे परत गेले. तुळजापूरच्या वाचकाने 'तारा' एकदा तरी वाचावी, हवे तर भांडण्यासाठी.